बुडायच्या आधी

आईच्या माहेरचा एकही फोटो नाही. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठाला तिचं गाव होतं. उजनीचं धरण भरलं आणि ते पाण्याखाली गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ जलाशय आटला की वर येतं, मग लांबलांबून लोक बघायला येतात, पेपरात त्याचे फोटो छापून येतात. आईचं घर पांढऱ्या मातीचं, माळवदाचं. ते वर यायला उरलंच नाही. लग्नातला एक फोटो आहे, पण तो स्टुडिओतला. मागं रंगवलेला पडदा आणि त्यावर हंस.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पाहणं’ असा कळवला, तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं हे आलं. एखादी जागा बुडणार असेल, तर तिच्याकडे आधी कोणीतरी नीट पाहिलं होतं का? पाहिलं असतं तर काही फरक पडला असता का? याचं उत्तर ज्या दोन माणसांच्या आयुष्यात सापडण्यासारखं होतं, ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला टास्मानिया नावाच्या बेटावर राहिले, आणि दोघेही कॅमेरा घेऊन फिरताना तिथल्याच रानात मरण पावले. भाची होबार्टला शिकते. तिच्याकडे राहायची सोय होती. फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मी गेले.

टेकडीवरून दिसणारं तळं

होबार्टहून पश्चिमेला निघालं की मेडेना हे शेवटचं गाव. पुढं माणसाची वस्ती जवळजवळ संपते. डांबरी सोडून आम्ही स्कॉट्स पीककडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना बटनग्रास नावाचं गवत, गुडघ्याएवढे गोल झुपके, प्रत्येक काडीच्या टोकाला बटनासारखी गाठ. खाली काळी पाणथळ माती. झुडपांचा आणि या मातीचा अर्क उतरून इथले सगळे ओढे काळ्या चहाच्या रंगाचे होतात. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ, पण पात्रात बघाल तर काळंभोर. म्हणूनच इथलं संथ पाणी आरशासारखं डोंगर दाखवतं.

रेड नॉल या टेकडीवर गाडी थांबते. समोर पसरलेलं पाणी म्हणजे लेक पेडर. मुंबईच्या पेडर रोडशी नावापलीकडे काही नातं नाही. पाणी सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. मागं फ्रँकलंडची डोंगररांग, वर ढग, मधे छोटी बेटं. माहीत नसलेला माणूस म्हणेल, काय जागा आहे! मीही तेच म्हणाले असते. पण भाचीनं ग्रंथालयातून आणलेलं एक पुस्तक गाडीच्या बॉनेटवर उघडून ठेवलं होतं. मॅक्स अँगस या चित्रकारानं मित्राच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये काढलेलं ‘द वर्ल्ड ऑफ ओलेगस त्रुखानस’.

त्या फोटोंत हेच डोंगर होते, पण पायथ्याशी दुसरंच तळं होतं. लहानसं, दहा-एक चौरस किलोमीटरचं. त्याच्या एका कडेला गुलाबीसर पांढऱ्या, गारगोटीच्या वाळूचा तीन किलोमीटर लांब किनारा. उन्हाळ्यात तळं आत सरकलं की किनारा इतका रुंद आणि घट्ट व्हायचा की छोटी विमानं त्यावर उतरत. उथळ पाण्यातल्या वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या एकामागं एक, पार मधल्या काळ्या पाण्यापर्यंत गेलेल्या. आता समोर जे आहे ते सुमारे २४० चौरस किलोमीटरचं धरणाचं पाणी आहे, आणि त्याच्या तळाशी पंधरा-एक मीटरवर ती वाळू आहे. नाव मात्र तेच ठेवलंय. मला ही गोष्ट फार लागली. गावाचं पुनर्वसन झालं की नव्या गावठाणाला जुनंच नाव देतात, पण तिथं निदान माणसं तरी तीच असतात.

भाची म्हणाली, “मावशी, आजीचं घर कुठल्या दिशेला होतं ते ती अजून सांगते ना, पाण्याकडं बघून?” सांगते. पुलावरून एस.टी. जाताना बोट करून सांगते. आणि दर वेळी बोट थोडं वेगळ्या जागी जातं.

ओलेगस त्रुखानस यांची पाच वर्षं

त्रुखानस लिथुआनियाचे. जन्म १९२३ चा. महायुद्धानं देश गिळल्यावर १९४८ मध्ये ते निर्वासित म्हणून टास्मानियाला आले. करारानुसार आधी जस्ताच्या कारखान्यात काम केलं, मग सरकारी जलविद्युत आयोगात कारकून झाले. सुट्टी मिळाली की पाठीवर सामान बांधून नैर्ऋत्येच्या रानात. १९५८ मध्ये स्वतः बनवलेल्या घडीच्या कयाकमधून ते एकटे गॉर्डन नदीच्या अरुंद घळींतून थेट समुद्राच्या खाडीपर्यंत उतरले. त्याआधी तसं कोणी केलं नव्हतं.

ज्या आयोगात ते नोकरी करत होते, त्याच आयोगानं लेक पेडर बुडवायचं ठरवलं. गॉर्डनवर १४० मीटर उंचीचं कमानी धरण, आणि त्याला जोड म्हणून शेजारची सर्पेंटाइन आणि ह्युऑनचा वरचा भाग अडवून तिथलं पाणी कालव्यानं गॉर्डनच्या जलाशयात सोडायचं. तीन बांध घातले की पेडरचं खोरं आपोआप भरणार. तळं राष्ट्रीय उद्यानात होतं. १९५५ मध्ये मिळालेला तो दर्जा १९६७ मध्ये काढून घेण्यात आला.

त्याच वर्षी, ७ फेब्रुवारीला, होबार्टभोवती वणवा पेटला. एका दिवसात साठाहून अधिक माणसं गेली, शेकडो घरं जळाली. त्यांत त्रुखानस यांचं घर होतं. कुटुंब वाचलं. जवळजवळ वीस वर्षांत काढलेल्या रानाच्या स्लाइड्स सगळ्या गेल्या. पेडर बुडणार हे कळलेलं, आणि ते कसं होतं हे दाखवायला हातात काही नाही. पुढची पाच वर्षं हा माणूस पुन्हा त्याच वाटांनी चालला, पुन्हा तेच डोंगर चढला, पुन्हा त्याच वाळूवर बसून उजेडाची वाट पाहिली. समोर धरणाचं काम चालू होतं.

मला त्यांच्या फोटोंपेक्षा हा निश्चय जास्त वेळ आठवत राहतो. गेलेलं काम पुन्हा करायला बसणं किती जड जातं, हे हाताचं काम करणाऱ्या कोणालाही विचारावं.

सरकारी नोकर म्हणून जाहीर बोलायची त्यांना मुभा नव्हती. म्हणून ते स्लाइड्स दाखवत. होबार्टच्या टाउन हॉलमध्ये, पडद्यावर एकेक चित्र, जोडीला संगीत. १९७१ च्या अखेरीला त्या खेळांना गर्दी लोटली. मी त्या हॉलबाहेर उभी राहिले. पिवळसर दगडाची, मध्यम आकाराची, आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकेसारखी इमारत. मार्च १९७२ मध्ये याच हॉलमधल्या सभेत ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ हा पक्ष निघाला. पर्यावरणासाठी निघालेला जगातला पहिला राजकीय पक्ष म्हणून त्याची नोंद होते.

त्रुखानस त्या सभेला नव्हते. जानेवारीत ते गॉर्डन नदीवर गेले होते, कारण पेडरनंतर पाळी गॉर्डनची होती आणि तिचेही फोटो आगीत गेले होते. दगडावरून पाय घसरला, प्रवाहानं ओढून नेलं. वय ४८. शोधायला गेलेल्यांत सव्वीस वर्षांचा पीटर डोम्ब्रोव्स्किस होता. मृतदेह त्यालाच सापडला.

त्याच वर्षी पेडर भरलं. सप्टेंबरमध्ये ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस हे तळ्याची बाजू मांडायला छोट्या विमानानं कॅनबेराकडे निघाले. ते पोचले नाहीत, विमानही कधी सापडलं नाही. तळ्यात पेडर गॅलॅक्सिअस नावाचा बोटभर मासा होता, जगात दुसरीकडे कुठंच नसलेला. नव्या पाण्यात बाहेरचे मासे शिरल्यावर तो तिथून संपला. शास्त्रज्ञांनी थोडे उचलून दुसऱ्या तळ्यात सोडले होते, म्हणून जात शिल्लक आहे.

काळ्या कापडाखाली

डोम्ब्रोव्स्किस यांचे आईवडील लाटवियाचे. पीटर १९४५ मध्ये जर्मनीत जन्मला, वडील युद्धात गेले. १९५० मध्ये आई पोराला घेऊन टास्मानियाला आली. तिनंच त्याच्या हातात लहानपणी कॅमेरा दिला. सतराव्या वर्षी त्याची त्रुखानस यांच्याशी गाठ पडली आणि बाप नसलेल्या मुलाला गुरू मिळाला. दोघांची भूमी युद्धानं हिरावलेली. परक्या देशातल्या रानावर त्यांचा इतका जीव का जडला, याचं दुसरं कारण शोधायची मला गरज वाटत नाही.

होबार्टमधल्या एका फोटोग्राफरनं डोम्ब्रोव्स्किस वापरत तशा जातीचा कॅमेरा मला हाताळू दिला. लिनहॉफ, चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा. पुढं भिंग, मागं घासलेली काच, मधे हार्मोनियमच्या भात्यासारखा भाता. तिपाईवर चढवायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि काचेवर बघायचं. आत डोंगर उलटा दिसतो. आभाळ खाली, पाणी वर, डावं उजवीकडे. पहिली दोन मिनिटं मला काहीच कळेना. मग हळूहळू झाड झाड राहिलं नाही, पाणी पाणी राहिलं नाही, नुसते आकार दिसायला लागले: इथं जड, तिथं हलकं, इथं अंधार जास्त.

तो म्हणाला, “उलटं दिसतं हेच बरं. नावं विसरायला होतात.”

भिंगाचं तोंड अगदी बारीक करायचं, म्हणजे पायाजवळच्या शेवाळापासून मागच्या कड्यापर्यंत सगळं रेखीव येतं. पण तोंड बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून काही सेकंद झडप उघडी ठेवायची. तेवढ्यात पान हललं तर गेलं. एकेक फिल्म वेगळ्या चौकटीत, अंधारात भरलेली, चित्र टिपून झालं की ती काढून दुसरी. रिळासारखं सटासट काही नाही. दिवसभरात दोन-चार चित्रं, कधी एकही नाही. कॅमेरा, भिंगं, तिपाई, फिल्मच्या चौकटी, तंबू, शिधा, सगळं पाठीवर, आणि चालायचं ते चिखलातून, जळवांतून, वर्षातले बहुतेक दिवस पाऊस पडणाऱ्या मुलखात. डोम्ब्रोव्स्किस यांना लख्ख ऊन नकोच असायचं. ढगाळ, ओला, सावली न पाडणारा उजेड हा त्यांचा उजेड. आपल्याकडे आषाढात घाटावर सकाळी असतो तसा.

सत्तरच्या दशकात ते निसर्गाची कॅलेंडरं छापू लागले. कलादालनात चित्र लावलं तर ते बघायला माणूस मुद्दाम जातो. कॅलेंडर मात्र स्वयंपाकघरात येतं. त्यावर दुधाचे खाडे मांडले जातात, गॅस कधी लावला ते लिहिलं जातं. महिनाभर रोज सकाळी चहा उकळेपर्यंत बाई त्याच एका चित्राकडे बघते. टास्मानियाच्या किती घरांत ही नदी अशी भिंतीवरून आत आली असेल! ज्यांनी कधी बुटाला चिखल लागू दिला नाही, त्यांनाही ती ओळखीची झाली.

रॉक आयलंड बेंड

पुढची पाळी फ्रँकलिन नदीची. गॉर्डनला ती मिळते त्याच्या खाली धरण बांधून १८० मेगावॉट वीज काढायची योजना होती. फ्रँकलिनच्या काठाला रस्ता नाही. ती बघायची तर रबरी तराफ्यावर दहा-बारा दिवस वाहत जायचं. डोम्ब्रोव्स्किस कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून एकापेक्षा जास्त वेळा गेले. १९७९ च्या फेरीत त्यांनी एका वळणावर, सकाळच्या धुक्यात, एक चित्र टिपलं. प्रवाहात उभा काळा कातळ, त्याच्या डोक्यावर झाडी, दोन्हीकडे कडे, मागं धुक्यात विरत गेलेलं खोरं. काही सेकंदांच्या उघडझापीत पाण्याची खळखळ पुसली गेलीय आणि फेसाच्या रेघा तेवढ्या उरल्यात.

१९८१ च्या डिसेंबरात टास्मानियाच्या सरकारनं सार्वमत घेतलं. मतपत्रिकेवर दोन पर्याय, दोन्ही धरणाचेच. सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं ‘धरण नको’ असं लिहिलं. पुढच्या वर्षी हा प्रदेश जागतिक वारसा ठरला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माणसं होड्यांतून यंत्रांच्या वाटेत जाऊन बसली. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. या सगळ्याच्या पुढं बॉब ब्राउन हा डॉक्टर होता, जो स्वतः १९७६ मध्ये तराफ्यानं ही नदी उतरून आला होता.

५ मार्च १९८३ ला देशाची निवडणूक होती. त्याआधी मोठ्या वर्तमानपत्रांत ते धुक्यातलं वळण पानभर, रंगीत छापून आलं. ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांत पानभर रंगीत जाहिरात तेव्हा दुर्मीळ होती. खाली मतदाराला विचारलेला एक प्रश्न होता: हे जो पक्ष नष्ट करणार, त्याला तुम्ही मत द्याल का? बॉब हॉक यांचा मजूर पक्ष जिंकला. टास्मानियाचं सरकार अडून बसलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १ जुलैला चार विरुद्ध तीन अशा निकालानं धरण थांबलं.

एका मतानं. म्हणून एका फोटोनं नदी वाचवली, असं लिहायला माझा हात धजत नाही. बाराशे माणसांनी अटक करून घेतली, वकील लढले, सरकार बदललं. पण मेलबर्नच्या आणि सिडनीच्या ज्या लाखो माणसांनी मत दिलं, त्यांनी ती नदी कधी पाहिली नव्हती, पुढंही पाहणार नव्हती. त्यांच्या आणि नदीच्या मधे ते एक चित्र होतं. पेडरच्या वेळी तेवढंही मेलबर्नपर्यंत पोचलं नाही. त्रुखानस यांचे फोटो काही कमी सुंदर नव्हते. पण एका शहरातल्या एका हॉलमध्ये अंधार केल्यावरच ते दिसत, आणि तोवर भिंती निम्म्या उभ्या राहिल्या होत्या.

मी स्ट्रॉनहून बोटीनं गॉर्डनच्या खालच्या पात्रात गेले. एका थांब्यावर ह्युऑन पाइनला हात लावता येतो. वर्षाला मिलिमीटरभर जाड होणारं झाड, दोन-दोन हजार वर्षं जगतं. लाकूड कुजत नाही, म्हणून होडीवाल्यांनी ती बहुतेक तोडून नेली. डेनिसन नदीकाठचं एक शाबूत बन त्रुखानस यांच्या खटपटीमुळे राखलं गेलं. त्यांच्या हयातीत मिळालेलं यश तेवढं. आता त्या बनाला त्यांचं नाव आहे.

चित्रात नसलेली माणसं

दोघांच्याही चित्रांत माणूस फारसा दिसत नाही. आधी वाटलं, हीच त्यांची शुद्धता. मग टोचायला लागलं. आपल्याकडे डोंगराचा फोटो काढावा तर कुठंतरी धनगराचा वाडा असतो, दगडाला शेंदूर लावलेला असतो, कातकरीण मोळी घेऊन उतरत असते. मग इथली माणसं कुठं गेली?

होती. हजारो वर्षं होती. फ्रँकलिनच्या काठावरच्या कुटिकिना या गुहेत १९८१ मध्ये दगडी हत्यारं आणि चुलींची राख सापडली. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथं माणसं शेकत बसलेली होती. न्यायालयातल्या वादात या गुहेला मोठं महत्त्व आलं. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतीनं टास्मानियाच्या मूळ लोकांना मारलं, उरलेल्यांना बेटांवर नेऊन टाकलं. रान रिकामं दिसतं ते रिकामं केलं म्हणून. त्यांचे वंशज पलावा आजही टास्मानियात आहेत, आणि ‘मानवस्पर्शरहित’ या कौतुकाला त्यांचा आक्षेप आहे. होबार्टमागच्या डोंगराला आता त्यांच्या भाषेतलं कुनानी हे नावही अधिकृतपणे लावतात.

हा आक्षेप मला पूर्ण पटतो. म्हणून डोम्ब्रोव्स्किस यांच्याबद्दलची माया कमी होत नाही. त्यांनी दगडाचा, शेवाळाचा, समुद्रशेवाळाच्या दोरखंडांचा जो आदर केला, तो खोटा नाही. पण सुंदर चित्र चौकटीबाहेर काय ठेवतं, हेही पाहण्यातच आलं.

२८ मार्च १९९६ ला वेस्टर्न आर्थर रांगेतल्या माउंट हेजजवळ फोटो काढायला गेले असताना हृदयविकारानं ते गेले. वय ५१. त्यांच्या तीन हजारांहून जास्त फिल्म्स आता कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

वाळू अजून आहे

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही गॉर्डनच्या धरणावर गेलो. भिंतीच्या माथ्यावरून खाली बघताना पाय गार पडतात. जमिनीखाली १८३ मीटरवर वीजघर आहे, तीन संच, ४३२ मेगावॉट. कोळसा न जाळता होणारी वीज आहे ही, आणि भाचीच्या खोलीतला दिवा याच विजेवर लागतो. उजनीच्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे, तोही मी विसरू शकत नाही. धरण नकोच होतं असं आई कधी म्हणत नाही. ती म्हणते, “सांगून, बसून, बघून घेऊन मग बुडवायचं.”

पेडरचे चाहते अजून थकलेले नाहीत. नव्वदच्या दशकातल्या पाहणीत दिसलं की बुडालेला किनारा आणि त्यामागच्या वाळूच्या टेकड्या तळाशी जवळजवळ तशाच आहेत, वर गाळाचा पातळ थर तेवढा बसलाय. पाणी सोडलं तर तळं पुन्हा दिसेल, असं म्हणणाऱ्यांची चळवळ आजही चालू आहे. पाणी उतरल्यावर ते तळं खरंच ते तळं आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? त्रुखानस यांच्या फोटोंवरून. ज्या वळ्यांसाठी ते पाच वर्षं पुन्हा चालले, त्या उद्या नकाशाच्या कामाला येतील.

घरी आल्यावर मी आईला सोबत आणलेलं कॅलेंडर दाखवलं. ती एकेक पान उलटत गेली. रॉक आयलंड बेंडवर थांबली.

“लई झ्याक हाय,” ती म्हणाली. “पर घरं कुटं हुती ह्यांची?”

मी गुहेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग कॅलेंडर पालथं केलं, मागची कोरी बाजू वर घेतली आणि नातवाच्या कंपासपेटीतलं पेन मागितलं. आधी आडवी रेघ ओढली.

“ही नदी. हितनं वर पांदी. हा पार. आमचं घर कडंला, दार उगवतीला. म्होरं चिंच.” पेन थांबलं. मग चिंचेशेजारी तिनं एक लहान चौकोन काढला. “आन् हितं शेळ्या बांधायच्या.”